‘तो’ म्हणता म्हणता ‘तू’

ताई, प्रभूच्या नावाने सलाम.

मी 41 वर्षांची आहे. शाळेत शिकवते, दिवसभर बोलते. पण प्रार्थनेला डोळे मिटले की तीन वाक्यांत संपते. ‘प्रभू, बाबांना बरं कर. आम्हाला सांभाळ. तुझी इच्छा पूर्ण होवो.’ रोज तेच. प्रार्थनासभेत माझी पाळी आली की घशाला कोरड पडते. शेजारी बसलेली माणसं वचनांवर वचनं गुंफत किती छान प्रार्थना करतात! बाबाही तशीच करायचे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता चार-पाच शब्द तेवढे येतात. रोज संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून एक अध्याय वाचते आणि पुस्तक मिटते.

आणखी एक सांगायचंय. त्यांच्या आजारपणाआधी वर्षभर मी घरासाठी 91 वं स्तोत्र म्हणत होते. मंडळीतल्या एका बहिणीने सांगितलं होतं, ‘या अभिवचनावर हक्क सांग, व्याधी घराजवळ येणार नाही.’ व्याधी आलीच. तेव्हापासून मी ते पान उघडलेलं नाही.

आता पाळकांनी सुचवलंय की रोज एक वचन घ्यायचं आणि त्याची छोटीशी, आपली स्वतःची प्रार्थना करायची. पण भीती वाटते. प्रकटीकरणाच्या शेवटी लिहिलंय की यात कोणी भर घालू नये, यातून काही काढू नये. मग वचनातले शब्द बदलून आपल्या नावाने म्हणणं चालतं का? आणि चालत असेल तर करायचं कसं?

– एक मुलगी

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात मला दोन प्रश्न दिसले. शब्द बदलले तर चालतं का, हा तुम्ही विचारलेला. दुसरा तुम्ही विचारला नाहीत, तो त्या न उघडलेल्या पानात दडून बसलाय. पहिल्याचं उत्तर सोपं आहे म्हणून तिथून सुरू करते. दुसऱ्याकडे सावकाश येऊ.

प्रकटीकरण 22:18-19 मधला इशारा त्या ग्रंथातल्या संदेशात फेरफार करणाऱ्याला आहे. देव जे बोलला नाही ते देवाच्या नावावर खपवणाऱ्याला आहे. तुम्ही शास्त्राची नवी प्रत काढायला बसलेल्या नाही. वचन हे देवाचं बोलणं आणि प्रार्थना हे तुमचं उत्तर. आईने विचारलं, ‘जेवलीस का गं?’ आणि मुलगी म्हणाली, ‘नाही गं, अजून नाही जेवले,’ तर मुलीने आईचे शब्द बिघडवले असं कोणी म्हणेल का? तिने आईचाच शब्द उचलला, कारण बोलणं त्याचंच चाललं होतं.

आणि हे आपल्या प्रभूने स्वतः केलंय. वधस्तंभावर प्राण सोडताना तो म्हणाला, “हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो” (लूक 23:46). हे वाक्य 31 व्या स्तोत्रातलं, पाचव्या ओवीतलं आहे. पण तिथे सुरुवातीला ‘हे बापा’ नाही. तो शब्द येशूने घातला. त्या ओवीचा पुढचा भाग, ‘तू माझा उद्धार केला आहेस’ हा, लूकने नोंदवलेल्या शब्दांत नाही. शिवाय स्तोत्रकर्ता ते म्हणतो तेव्हा शत्रूंनी घेरलेला आहे, आणि आपला जीव वाचावा म्हणून तो देवाच्या हाती देतो. येशू तेच शब्द मरताना म्हणतो. जुनी ओळ, पुढे लावलेली स्वतःची हाक, आणि समोर त्या घटकेचं खरं दुःख. पाळकांनी तुम्हाला सुचवलंय ते याहून वेगळं काही नाही. पुढे स्तेफनावर दगड पडत होते तेव्हा त्यानेही तीच ओळ धरली आणि आपल्या तोंडची केली: “हे प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर” (प्रेषितांची कृत्ये 7:59). एकच ओळ, तीन माणसं, तीन प्रसंग. कोणी कोणाची नक्कल केली असं मला तरी वाटत नाही.

तेव्हा परवानगीची चिंता सोडा. आता कसं करायचं ते.

23 वं स्तोत्र काढा. तोंडपाठ असेल, तरी काढा आणि सर्वनामांवर बोट ठेवत वाचा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.’ ‘तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो.’ ‘तो मला संथ पाण्यावर नेतो.’ ‘तो माझा जीव ताजातवाना करतो.’ तो, तो, तो. दावीद देवाविषयी आपल्याला सांगतोय. मग चौथी ओवी येते, मृत्युच्छायेची दरी येते, आणि तिथे वाक्य वळतं: ‘कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ तिथून पुढे तुझी काठी, तूच ताट वाढतोस. कुरणात होता तोवर ‘तो’ चाललं. अंधारात पाय टाकल्यावर माणूस शेजारच्याशीच बोलू लागला. मी हे स्तोत्र लहानपणापासून म्हणत आले, पण हा ‘तू’ मला पन्नाशीत दिसला. आईच्या उशाशी बसले होते त्या दिवसांत.

वचनाची प्रार्थना करणं म्हणजे मुळात एवढंच: ‘तो’चा ‘तू’ करायचा. हे करून बघाल तेव्हा कळेल, एका अक्षराच्या या फरकाने सगळी खोली बदलते. ‘परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या जवळ असतो’ हे 34 व्या स्तोत्रातलं वाक्य भिंतीवर टांगता येतं. ‘प्रभू, तू भग्नहृदयी लोकांच्या जवळ असतोस, मग आज माझ्याजवळ ये’ हे टांगता येत नाही. ते म्हणायला आधी कबूल करावं लागतं की माझं हृदय भंगलंय.

मराठीत आपल्याला याची एक सोय आहे. आईला आपण ‘तू’ म्हणतो आणि देवालाही ‘तूच’ म्हणतो. आदर कमी पडतो म्हणून नव्हे, मध्ये अंतर नको म्हणून. शुभवर्तमानात शिष्य येशूला ‘प्रभूजी, वाचवा’ असं म्हणतात. तुम्हाला तसं म्हणावंसं वाटलं तर तसं म्हणा. पण घरी ज्या भाषेत बोलता तीच भाषा ठेवा. प्रार्थनेसाठी वेगळी, जड, पुस्तकी मराठी आणायची म्हटली की घशाला कोरड पडणारच. ‘हे परमपवित्र सर्वसमर्थ’ असं सुरू केल्यावर पुढे ‘बाबांची पाठ सोलवटलीय’ हे वाक्य येतच नाही, आणि तुम्हाला देवाला सांगायचं असतं ते नेमकं तेच.

एक वचन प्रत्यक्ष घेऊन दाखवते. फिलिप्पैकरांस पत्र 4:6-7: “कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा, म्हणजे सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडे असलेली देवाने दिलेली शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार ख्रिस्त येशूच्या ठायी राखील.”

हे मोठं आहे. सगळं एकदम प्रार्थनेत कोंबू नका. मोठ्याने दोनदा वाचा आणि जिथे मन अडकेल तिथे थांबा. माझं मन ‘राखील’ या शब्दाशी अडकतं. मूळ ग्रीक शब्द सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे, वेशीवर चौकी बसवतात तसा. आणि पौल हे बंदिवासातून लिहीत होता; पहिल्याच अध्यायात तो राजवाड्याच्या पहारेकऱ्यांचा उल्लेख करतो. पहारा म्हणजे काय हे त्याला रोज दिसत होतं. एवढं समजलं की माझी प्रार्थना अशी होते: ‘प्रभू, रात्री तीन वाजता माझे विचार सुटतात. त्या वेळी तुझ्या शांतीचा पहारा माझ्या मनावर बसव.’ बस्स. दोन वाक्यं. त्यातलं एक वचनाचं, एक माझं. तुमचं मन ‘आभारप्रदर्शनासह’ या शब्दाशी अडखळेल कदाचित, कारण आभार मानावेत असं काही दिसत नसेल. मग तेच म्हणा: ‘प्रभू, आभारासह माग म्हणतोस. आज मला एवढंच सापडलं, की बाबांनी सकाळी चहा गिळला. त्याबद्दल आभार.’

लक्षात घ्या, या प्रार्थनेत रात्रीचे तीन आहेत, चहाचा घोट आहे. असा एक तरी तपशील तुमच्या आजच्या दिवसातला असू द्या. तो नसला तर वचन दुसऱ्याच्या अंगरख्यासारखं लोंबत राहतं.

काही वचनं मात्र अशी असतात की त्यात देव काही देत नाही, मागतो. ‘एकमेकांना क्षमा करा.’ याची प्रार्थना कशी करणार? ‘प्रभू, मी सगळ्यांना क्षमा करते’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नसेल तर म्हणू नका. आज्ञा आपल्याला आधी कबुलीकडे नेते. ‘प्रभू, क्षमा कर म्हणतोस. ज्या बहिणीने मला ते स्तोत्र दिलं तिच्यावर माझा राग आहे. मला तो सोडता येत नाही. तू सोडव.’ मी हे उदाहरण मुद्दाम घेतलं. चुकत असेन तर माफ करा.

मार्टिन ल्यूथर यांचा न्हावी पेटर याने त्यांना विचारलं होतं, प्रार्थना कशी करावी. 1535 साली ल्यूथरनी त्याला उत्तर दिलं. एवढे मोठे धर्मपंडित, पण न्हाव्याला न्हाव्याच्याच भाषेत सांगितलं: चांगला न्हावी वस्तऱ्यावर आणि केसांवर लक्ष ठेवतो, गप्पांत रमला तर गिऱ्हाईकाचं नाक कापेल. मन लावणं म्हणजे काय ते त्याला लगेच कळलं असणार. मग त्यांनी स्वतःची रीत सांगितली. ते दहा आज्ञांतल्या प्रत्येक आज्ञेची चार पदरी माळ ओवत. ही ओळ मला काय शिकवते, कशाबद्दल आभार मानायला लावते, कुठे माझं चुकलंय ते दाखवते, आणि मी काय मागू. ओळीपुढे बसून काही सुचलं नाही तर हे चार पदर एकेक करून चाचपून बघा. रोज चारही सापडायला हवेत असं मुळीच नाही. मला बहुतेकदा एकच सापडतो आणि तो पुरतो.

आता ते पान.

तुम्ही वर्षभर ज्या ओवीवर हक्क सांगत होता ती 91 व्या स्तोत्राची दहावी: कोणतीही व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही. व्याधी आली. मग एकतर देव खोटा ठरतो किंवा आपला विश्वास कमी पडला असं ठरतं, आणि तुमच्यासारखी बाई दुसरा दोष स्वतःच्या माथी घेते. पत्रात तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण चौदा महिने पान न उघडणं हे त्याचंच लक्षण वाटतं मला.

या स्तोत्राच्या बाबतीत एक गोष्ट कोणीतरी तुम्हाला आधीच सांगायला हवी होती. हेच स्तोत्र घेऊन सैतान येशूकडे आला होता. मंदिराच्या शिरोभागी त्याला उभं करून म्हणाला, उडी टाक, कारण लिहिलंय की तो देवदूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल आणि ते तुला हातांवर झेलतील (मत्तय 4:6; स्तोत्रातल्या ओव्या 11 आणि 12). वचन अगदी खरं होतं. पण देवाला पेचात पकडण्यासाठी ते वापरायला येशूने नकार दिला आणि दुसऱ्या वचनाने उत्तर दिलं: ‘प्रभू तुझा देव याची परीक्षा पाहू नकोस.’ त्यानंतर तो वधस्तंभावर गेला. ज्याच्यावर ते स्तोत्र सगळ्यांत जास्त शोभतं त्याच्याही तंबूजवळ अरिष्ट आलं. तुमच्या घरी व्याधी आली ती तुमचा विश्वास तोकडा होता म्हणून आली, असं कोणी म्हणत असेल तर त्याने आधी येशूच्या विश्वासाबद्दल बोलावं.

आणि आता त्याच पानावर थोडं खाली या. पंधरावी ओवी. आदल्या ओवीपासूनच बोलणारा बदललाय, स्वतः देव बोलतोय: ‘तो माझा धावा करील तेव्हा मी त्याला उत्तर देईन, संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन.’ संकटसमयी! दहाव्या ओवीत जे येणारच नव्हतं ते पंधराव्या ओवीत आलेलं आहे, आणि देव तिथे आहे. हे स्तोत्र लिहिणाऱ्याला संकट म्हणजे काय ते ठाऊक होतं. एकच ओवी कापून भिंतीवर लावली की तेवढंच हातात येतं. उरलेलं स्तोत्र मुकाट्याने पानात राहून जातं.

ते पान उघडा असा आग्रह मी धरत नाही. पण ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी पंधराव्या ओवीची प्रार्थना करा, आणि ती गोड करू नका. ‘प्रभू, व्याधी आली. तू म्हणाला होतास, संकटात जवळ राहीन. कुठे आहेस ते मला दिसत नाही. जवळ राहा.’ याला अविश्वास म्हणत नाहीत. देवाला त्याच्या शब्दाची आठवण करून देणं जुनंच आहे. आपल्या भावाला, एसावाला भ्यालेल्या याकोबाने तेच केलं: तूच म्हणालास की मी तुझं खात्रीने कल्याण करीन (उत्पत्ती 32:12). पण त्याच प्रार्थनेत, दोन ओव्या आधी, तो म्हणतो की तू दाखवलेल्या दयेला मी पात्र नाही. हक्क सांगणं आणि शब्दाला धरून राहणं यांतला फरक मला तिथे दिसतो. हक्क सांगणारा देवाचा हात पिरगाळतो, धरून राहणारा तो सोडत नाही.

म्हणूनच वचन निवडताना त्याच्या आगेमागे पाच-सहा ओव्या वाचायची सवय ठेवा. यिर्मया 29:11 सगळ्यांना पाठ असतं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. परीक्षा, नोकरी, लग्न, सगळ्याला ते लावतात. पण ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना आहे आणि आदल्याच ओवीत सत्तर वर्षांची मुदत सांगितलीय. ज्यांनी ते ऐकलं त्यांतले कितीतरी परत येण्याआधीच गेले असणार. एवढं कळल्यावर वचनातली आशा कमी होत नाही, उलट तिला दम येतो. ‘प्रभू, सत्तर वर्षांतही तुझे संकल्प हिताचे असतात. माझे चौदा महिने तुझ्या हातात आहेत.’

रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीवर बसलं पाहिजे का, वहीत लिहिलं पाहिजे का, असं पुष्कळ जण विचारतात. जमलं तर करा. चिठ्ठीवर एक ओळ लिहून ती मुठीत ठेवणारी माणसंही मी पाहिली आहेत. याला फार महत्त्व देऊ नका.

तुमच्या त्या तीन वाक्यांविषयी मात्र बोलायचंय. त्यांची लाज वाटू देऊ नका. गेथशेमाने बागेत येशूने तीन वेळा प्रार्थना केली, आणि मत्तय लिहितो की तिसऱ्या वेळी तो ‘पुन्हा तेच शब्द’ बोलला (26:44). घाम गाळणाऱ्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. येशूने ज्याला हरकत घेतली ती बडबड वेगळी: फार बोललं म्हणजे देव ऐकेल, असं वाटून केलेली. तुम्ही तर थोडंच बोलता! बुडणाऱ्या पेत्राची प्रार्थना किती लांब होती? ‘प्रभूजी, मला वाचवा.’ जकातदाराची? ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ येशूने सांगितलं की हा माणूस नीतिमान ठरून घरी गेला. मुलाच्या आजाराने पिचलेल्या बापाची? ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ ही शेवटची तर मला अख्ख्या शास्त्रातली सगळ्यांत प्रामाणिक प्रार्थना वाटते. पाचव्या शतकात जॉन कॅसियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडून शिकलेली गोष्ट लिहून ठेवली: 70 व्या स्तोत्राची पहिली ओवी, ‘हे देवा, मला सोडवायला ये, हे परमेश्वरा, माझ्या साहाय्यासाठी धाव,’ एवढीच दिवसभर ओठांवर ठेवायची. जेवताना, चालताना, झोप येत नसताना, मोहात पडताना. वाळवंटात आयुष्य काढलेल्या माणसांना एक ओळ पुरली.

तेव्हा तुमची तीन वाक्यं टाकू नका. फक्त प्रत्येकाच्या पाठीशी एक वचन उभं करा. ‘बाबांना बरं कर’ म्हणताना लाजराच्या बहिणींनी धाडलेला निरोप आठवा: ‘प्रभूजी, ज्याच्यावर आपलं प्रेम आहे तो आजारी आहे.’ त्या बरं करा असं म्हणतच नाहीत, नुसतं कळवतात. ‘आम्हाला सांभाळ’ म्हणताना 121 वं स्तोत्र: तुझा रक्षक डुलकी घेत नाही. ज्या घरात कोणीतरी रात्रभर जागं असतं त्या घरासाठी याहून गोड वाक्य मला ठाऊक नाही. ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ तर प्रभूचंच आहे. पण त्याने ते म्हणण्याआधी ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो’ असंही म्हटलं होतं. पहिलं वाक्य गिळून दुसऱ्यावर उडी मारू नका.

राग आला तर 13 वं स्तोत्र घ्या. सहाच ओव्या आहेत, आणि पहिल्या दोनच ओव्यांत ‘किती वेळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. शेवटी स्तोत्रकर्ता गाऊ लागतो. तुम्हाला त्या दिवशी शेवटापर्यंत जाता आलं नाही तर पहिल्या ओवीशीच थांबा. 88 वं स्तोत्रही अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

प्रार्थनासभेचं थोडक्यात सांगते. तिथे ‘मी’चं ‘आम्ही’ करा, ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ या वळणावर, म्हणजे सगळ्यांना त्या प्रार्थनेत जागा होते. घरून एक वचन आणि एक वाक्य ठरवून या. पाळी आली की वचन वाचा, वाक्य म्हणा, आमेन म्हणा. तीस सेकंद लागतील. कोणाला ते तोकडं वाटलं तर वाटू द्या. आणि वचनाच्या आडून कोणाला उपदेश करायचा मोह टाळा. ‘प्रभू, काही जणांना नम्रता शिकव’ असली प्रार्थना आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलीय, आणि ती देवाला उद्देशून नसते हे सगळ्यांनाच कळतं. पेत्र आणि योहान अटकेतून सुटून आले तेव्हा मंडळीने दुसऱ्या स्तोत्राच्या दोन ओव्या म्हटल्या, त्यांत हेरोद आणि पंतय पिलात यांची नावं घातली, आणि मग मागितलं काय? धमकावणाऱ्यांना शिक्षा दे असं नाही, आम्हाला धैर्याने बोलू दे (कृत्ये 4:24-30). सभेत वचनाची प्रार्थना कशी करावी याचा इतका चांगला नमुना दुसरा नसेल.

राहता राहिले तुमचे बाबा. त्यांच्याविषयी मी सगळ्यांत जास्त विचार केला.

माझ्या आईचं शेवटी सगळं विसरायला झालं होतं. माझं नावही. एका दुपारी मी 71 वं स्तोत्र वाचत होते, तिच्यासाठी म्हणण्यापेक्षा वेळ जावा म्हणून. ‘उतारवयात माझा त्याग करू नकोस,’ इथवर आले आणि आवाज फुटेना. तर पलंगावरून तिचा आवाज आला, पुढचा: ‘माझी शक्ती क्षीण होत चालली असता मला सोडू नकोस.’ न अडखळता. छताकडे बघत. ती ते मला म्हणत नव्हती. मी पुस्तक मांडीवर ठेवलं. प्रार्थना माझी व्हायची होती, झाली तिची.

वाचा गेलेल्या माणसांना कधीकधी बोलता येत नाही पण पाठ असलेलं म्हणता येतं, गाणं, प्रभूची प्रार्थना, एखादी ओवी. सगळ्यांचं तसं होतं असं नाही, म्हणून वाट बघत बसू नका. पण बाबांनी आयुष्यभर ज्या वचनांवर प्रार्थना केली ती वचनं तुम्हाला ठाऊक आहेत. तुम्ही त्यांच्या शेजारी बसून ती ऐकली आहेत. उद्या संध्याकाळी पूर्ण अध्याय वाचू नका. त्यांची एक ओळ घ्या. सावकाश वाचा. ‘तो’ असेल तिथे ‘तू’ करा आणि ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हणा, तुम्ही दोघं. मग गप्प बसा, घाई करू नका, त्यांना वेळ द्या. तुम्ही लिहिलंत की त्यांना चार-पाच शब्द येतात. ते कोणते ते लिहिलं नाहीत. त्यांत ‘आमेन’ असेल तर शेवटचा शब्द त्यांच्यासाठी ठेवा. नसेल तर त्यांचा डावा हात हातात धरा आणि तो दाबला जातोय का बघा.